कॅनॉलच्या गावातली आंघोळ

जपानहून परत आल्यापासून आमच्या गल्लीतल्या बायका मला पहिला प्रश्न एकच विचारतात. फुजी डोंगर बघितला का, असा नाही. तिथं नळ किती दिवसाला येतो, असा. मी खरं ते सांगते, की तिथं नळ येत नाही, कारण तो जातच नाही. यावर आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या संगीताताई "कायबी सांगून राहिल्या तुम्ही," म्हणून आत निघून गेल्या.

त्यांना मी दोष देत नाही. आम्ही लातूरची माणसं. एका उन्हाळ्यात आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. मी ते पाणी प्यालेली आहे. चवीला पाण्यासारखंच होतं. पण तेव्हापासून आमच्या घरात एक कायदा आहे: कुठलंही पाणी एकदा वापरून सोडून द्यायचं नाही. डाळ धुतलेलं कढीपत्त्याला, कपड्याचं संडासला, आंघोळीचं पेरूच्या झाडाला. पेरूला साबणाचा काही त्रास झालेला नाही, फळं बरी लागतात.

ही सवय मी सामानासोबत जपानला घेऊन गेले आणि तिच्यापायी माझ्या मुलाचं लग्न जवळजवळ मोडलं. म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर देवळं आणि बागा यांचे फोटो मोबाईलवर सगळ्यांना मिळतातच.

मी शिरूर अनंतपाळच्या दवाखान्यात सिस्टर होते, आता रिटायर आहे. आमचे हे मूळचे इस्लापूरचे, एसटीत ड्रायव्हर होते. सुमेध आमचा एकुलता एक. तो जपानमध्ये एका मशीनच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, आणि त्याच्याच ऑफिसातल्या काओरी नावाच्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं. मुलगी तयार, मुलीची आई तयार. अडलं होतं वडलांपाशी.

"हो म्हणले का न्हाई म्हणले?" यांनी फोनवर विचारलं.

"पप्पा, इथं न्हाई म्हणत नसतात. जरा अवघड आहे, असं म्हणतात."

"मग अवघड म्हणले का?"

"काहीच म्हणले न्हाईत. आधी तुझ्या आईवडलांना बघू म्हणले."

फोन ठेवल्यावर हे उठून पंखा बंद करून आले. मग म्हणाले, "म्हंजे तो आपल्याला बघून राहिला का?" आमच्याकडं मुलाकडची माणसं मुलीच्या घरी जाऊन पोहे खातात, मुलीला चालायला लावतात, चुलत्याचा धंदा विचारतात. आता साठीला टेकल्यावर चालून दाखवायची पाळी आमच्यावर आली होती. काओरीचं म्हणणं होतं की वडील नाही म्हणाले तर ती लग्न करणार नाही. सुमेध हे सांगताना आवाज साधा ठेवत होता, पण मी आई आहे.

शनिवार

गावाचं नाव ओमिहाचिमान. बिवा नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठाला आहे. स्टेशनावर उतरल्यावर सुमेधनं आधी तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर नेलं, वरून गाव दाखवायला. खाली काळ्या कौलांची घरं, कापून झालेली भाताची वावरं, आणि त्यांच्या पलीकडं तळं. तळ्याचं दुसरं टोक धुक्यात गेलेलं.

"लातूरला पाणी देणारं आपलं धनेगावचं धरण," हे म्हणाले, "ह्यात आणून वतलं तर ह्यांना कळणार बी न्हाई." पण कौतुक फार वेळ टिकलं नाही. "आमच्या इस्लापूरला सहस्रकुंडाचा धबधबा पडतो त्याचा आवाज तरी येतो. हे नुसतंच बसलंय."

गावातून जातो तो कॅनॉल. चारेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदारानं खणला आणि तळ्यातून मालाच्या ज्या नावा जायच्या त्यांना वाट वाकडी करून गावातून जायला लावलं. नाव थांबली की बाजार आला. दोन्ही अंगाला दगडी काठ, पांढऱ्या भिंतींची कोठारं, पाण्यावर वाकलेली झाडं. मी पुलावर उभी राहून आधी वास घेतला. ही माझी नोकरीतली खोड. कॅनॉलला वास नव्हता. डासही नव्हते, तो मात्र डिसेंबरचा गुण असेल. सुमेधनं सांगितलं की इथले जुने व्यापारी खांद्यावर कावड घेऊन देशभर मच्छरदाण्या विकायचे आणि त्यावर श्रीमंत झाले. मी पूर्ण नोकरी मच्छरदाणीत झोपा म्हणून लोकांना सांगण्यात घालवली. लोक ती मिरच्या वाळवायला वापरायचे. या गावाबद्दल मला तिथंच आदर वाटायला लागला.

काओरीचं घर कॅनॉलपासून दोन गल्ल्या आत होतं. दारातच चपला काढायच्या, घरातली चप्पल घालायची, संडासची चप्पल वेगळी, ती बाहेर घालून यायची नाही. हे सगळं सुमेधनं आम्हाला लातूरपासून पढवलेलं. तरी हे संडासची चप्पल घालून बैठकीत आलेच. काओरीच्या आईनं बघितलं, आणि कुत्र्याकडं बघावं तसं प्रेमानं बघितलं.

वडील घरी नव्हते. ते नावाडी आहेत, पाहुण्यांना होडीतून फिरवतात, आणि थंडीत तळ्याकाठचं गवत कापतात. आपल्याकडं पूर्वी ज्याचा बोरू करायचे तसलं गवत, पण पुरुषभर उंचीच्या वर. ते संध्याकाळी येणार होते.

घरात एका कोनाड्यात बुद्ध होता. लहानसा, लाकडी, समोर वाटीत भात. मी काही न विचारता गुडघे टेकले आणि हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. डोळे उघडले तर काओरीची आई शेजारी हात जोडून बसलेली. तिला माझे शब्द समजले नव्हते, मला तिचे. मग ती मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि आम्ही माझ्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी उघडली. तिनं ती चटणी पांढऱ्या मऊ टोफूवर घालून खाल्ली आणि मान हलवली. मला वाटलं, निम्मं काम झालं.

मग मला आंघोळीला पाठवलं. पाहुण्याला आधी, असं काओरीनं इंग्रजीत सांगितलं. पद्धत सुमेधनं समजावली होती: बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ आंघोळ करायची, साबण पूर्ण धुवायचा, आणि मग गरम पाण्याच्या खोल टबात नुसतं बसायचं. टबावर गुंडाळायचं झाकण होतं. डासांची अळी होऊ नये म्हणून असणार, असं मी समजले आणि गावाला आणखी एक मार्क दिला.

टबात मानेपर्यंत बसले. इतकं पाणी माझ्या अंगाभोवती एकाच वेळी कधी नव्हतं. आधी लाज वाटली, मग बरं वाटलं, मग गुडघे दुखायचे थांबले.

बाहेर आले आणि टबाकडं बघितलं. बुडाला बूच होतं, त्याला साखळी. ओढली की सगळं गटारात. नितळ, वाफाळतं पाणी. माझा हात त्या साखळीला लागेना. कुणी लातूरकर असता तर त्याचाही लागला नसता. बाजूला कपडे धुवायच्या मशीनपाशी दोन बादल्या होत्या, मागचं दार उघडं होतं, आणि दाराबाहेर मुळ्याचा वाफा होता. पांढरे, मांडीएवढे मुळे, अर्धे जमिनीच्या वर आलेले, माती कोरडी.

मी यांना हाक मारली. "अहो, जरा बादली धरा."

"काय करायलीस?"

"पाणी वाया चाललंय."

एवढं पुरलं. आम्ही दोघं काओरीच्या घरचे कापूस भरलेले कोट घालून बादल्या वाहत राहिलो. पोळू नये म्हणून पाणी आधी निवू दिलं. मुळे झाले, कांद्याची पात झाली, शेवंतीच्या कुंड्या झाल्या. यांनी तर कुंपणाच्या कडेला वाळलेलं काहीतरी होतं त्यालाही घातलं. तळाचं थोडं राहिलं त्यात मी टब घासला, पुसून कोरडा केला. डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा भांडी अशी रिकामी करून पुसायची, याला आमच्या दवाखान्यात कोरडा दिवस पाळणं म्हणतात. घरात येऊन मी समाधानानं चहा प्याले.

वडील आले ते मांडीपर्यंत चिखलात भिजून. उंच, वाळके, ओठ निळे पडलेले. आम्हाला वाकून नमस्कार केला आणि सरळ आंघोळीला गेले. आत साबणाचा, पाण्याचा आवाज झाला. मग काही आवाज झाला नाही. मग ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि बायकोला काहीतरी एकच शब्द म्हणाले. ती आत गेली, "आरा," म्हणाली, म्हणजे अगंबाई. काओरी आत गेली आणि तोंडावर हात ठेवून आली.

सुमेध माझ्याकडं वळला. "आई, टबातलं पाणी कुठं गेलं?"

"मुळ्याला घातलं."

"सगळं?"

"कांद्याला बी घातलं. का?"

त्यानं डोळे मिटले. माझा मुलगा डोळे मिटतो तेव्हा काहीतरी मोठं झालेलं असतं. "आई, ते पाणी सगळ्या घराचं असतं. आधी पाहुणा बसतो, मग घरातला बाप, मग बाकीचे. एकाच पाण्यात. म्हणून तर आधी बाहेर धुवायचं. तुझ्यानंतर ते बसणार होते."

"माझ्या आंघोळीच्या पाण्यात?"

"हाव."

"हे आधी का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू बसलीच नसतीस."

हे खरं होतं. मी सिस्टर आहे. टबाला पुन्हा पाणी लावलं गेलं, पण ते तापून भरायला वेळ लागतो. तोवर काओरीचे वडील कोट घालून माझ्यासमोर जमिनीवर बसले. त्यांचे दात वाजत होते आणि ते तसं दाखवत नव्हते. मग त्यांनी सुमेधला काहीतरी विचारलं. मोठ्यानं नाही. सुमेधचा चेहरा उतरला.

"काय म्हणले?"

"म्हणले, त्यांनी वाचलंय, इंडियात काही लोक दुसऱ्याच्या हाताचं पाणी घेत न्हाईत. आपल्या पाण्यात आम्ही बसू नये म्हणून तुझ्या आईनं ते ओतलं का? आम्ही तिला कमी वाटलो का?"

मला आधी हसू आलं, आणि लगेच रडू आलं, आणि दोन्ही तसंच गिळलं. म्हटलं, "सुमेध, मी सांगते तसं सांग. माझी आजी गावच्या विहिरीपाशी घागर घेऊन उभी राहायची. विहिरीला हात लावायचा नाही. कुणाला दया आली तर वरून ओतणार, न्हाई आली तर उभीच. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, आम्ही शिकलो. मी सिस्टर झाले. गावभरच्या बायकांची बाळंतपणं केली. तरी आमच्या स्टाफरूममधल्या एक बाई मी भरलेल्या माठातलं पाणी प्यायच्या नाहीत, घरून बाटली आणायच्या. विचारलं तर म्हणायच्या, घसा धरतो."

सुमेध माझ्या जवळ सरकला.

"सांग की."

"आई, हे नको. इथं कुणाला माहीत न्हाई. काओरीला बी न्हाई. इथं आपण नुसते इंडियन हाव."

"इतकी वर्षं सोबत फिरून राहिला आणि हे सांगितलं न्हाईस?" हे पहिल्यांदाच मध्ये पडले.

"तिथून आलो कशाला मग, पप्पा?"

 समोर बसलेल्या माणसाला अजून उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, "सांग. लग्न मोडायचं तर खऱ्यावर मोडू दे. आणि शेवटी हे सांग, की आमचं पाणी लोक घेत नव्हते. तुम्ही घेणार होता, हे मला कसं कळावं?"

त्यानं सांगितलं. अडखळत, जमिनीकडं बघत. काओरी माझ्याकडं नाही, पूर्ण वेळ त्याच्याकडं बघत होती. माझ्या आंघोळीचं पाणी मिळालं नाही म्हणून कुणी कुडकुडत बसलंय, असं मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. आजीला सांगावंसं वाटलं. ती आता नाही.

वडलांनी ऐकून घेतलं. "सो का," म्हणाले. म्हणजे, असं आहे होय. तेवढ्यात भिंतीतून एक बाई गोड आवाजात बोलली आणि वाजंत्री वाजली. पाणी तापलं की तिथं भिंत तसं सांगते. वडील उठून आंघोळीला गेले.

जेवण झालं. कंदापासून केलेला, लाल रंगाचा जेलीसारखा एक पदार्थ होता, तो यांनी कलेजी समजून घेतला आणि शेवटपर्यंत चावत राहिले. 

रविवार

सकाळी वडलांनी आम्हाला त्यांच्या होडीत बसवलं. बोलावलं नाही, नुसतं काठावर दोन गाद्या टाकून उभे राहिले. मागं उभं राहून एकाच लांब वल्ह्यानं होडी चालवतात. कॅनॉल सोडला की पाण्याच्या अरुंद गल्ल्या लागतात आणि दोन्ही बाजूंना ते उंच, पिवळं पडलेलं गवत. वारा आला की सगळं एकदम सळसळतं. बदकं निवांत. हे वळणावळणाला पुढं झुकत होते. "समोरून दुसरी आली तर साइड कशी देत असंल?"

सुमेधनं ते सांगितलं असावं, कारण वडलांनी वल्हं यांच्या हातात दिलं. तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसानं होडी एकदा गोल फिरवली आणि सरळ गवतात घातली. माझ्या केसांत तुरे अडकले. "ब्रेक न्हाई ह्याला," हे म्हणाले. वडलांनी वल्ह्यानं काठाला रेटा देऊन होडी सोडवली आणि चेहरा तसाच ठेवला.

मग होडी पाण्यावर सोडून ते बोलले. सुमेध वाक्यावाक्यानं सांगत होता. ते लहान असताना हा कॅनॉल गटार झाला होता. गाळ, कचरा, मेलेली मांजरं. गावातल्या पुष्कळांचं म्हणणं होतं की बुजवून टाकावा, वर गाड्या लावता येतील. त्यांचे वडील फावडं घेऊन आत उतरणाऱ्या पहिल्या लोकांतले. लोक आधी पुलावरून हसले, नंतर हळूहळू उतरले. "तेव्हा शाळेत माझ्या बाजूला कुणी बसायचं नाही," ते म्हणाले, "वडलांच्या कपड्यांचा वास माझ्या अंगाला यायचा म्हणून."

ते मला बरं वाटावं म्हणून सांगत होते, हे कळत होतं, आणि बरं वाटलंही. पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. त्यांचा वास साबणानं जात होता. मी हे सुमेधला सांगायला सांगितलं. या खेपेला त्यानं मागंपुढं बघितलं नाही, लगेच सांगितलं. वडलांनी वल्हं आडवं ठेवलं आणि माझ्यासमोर मान बरीच खाली वाकवली.  लग्नाचं मात्र अक्षर काढलं नाही.

दुपारी मी घरून नेलेल्या येसराच्या मसाल्याची तिखट आमटी केली. सगळ्यांना घाम फुटला, त्या थंडीत तो उपयोगी पडला. वडील पुन्हा गवत कापायला गेले आणि संध्याकाळी कालच्यासारखेच चिखलात आले. सकाळी आम्ही निघणार होतो.

भिंतीतली बाई बोलली. वाजंत्री वाजली. काल पहिल्यांदा पाणी तापलं तेव्हा सगळं घर माझ्याकडं वळून, आधी तुम्ही, आधी तुम्ही, करत होतं. आज कुणी वळलं नाही. वडलांनी टॉवेल घेतला, माझ्या समोरून गेले आणि दार लावून घेतलं.

सुमेधचं तोंड पांढरं पडलं. "आई, पाहुण्याला आधी पाठवतात."

"मग?"

"मग काय. त्यांनी आपल्याला पाहुण्यात ठेवलं न्हाई."

हे उठले. "बॅगा भर. उगं कशाला बसायचं."

मी हलले नाही.  मनात आलं, की सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, आणि असं मनात आल्याचा रागही आला. तेवढ्यात काओरी आमच्यासमोर येऊन बसली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं सुमेधला भराभरा काहीतरी सांगितलं, त्याच्या दंडावर चापटसुद्धा मारली. इतकी वर्षं तिथं राहून याला हे माहीत नव्हतं म्हणून.

सुमेधला ते मराठीत सांगायला वेळ लागला. "म्हणतेय, पाहुणा असला तरच आधी पाठवतात. नुसती घरची माणसं असली की आधी बाप जातो."

यांनी हातातली बॅग खाली ठेवली.

वडील बाहेर आले, लालबुंद होऊन. काओरीच्या आईनं माझ्या हातात टॉवेल दिला आणि दाराकडं बोट केलं. मी आत जाऊन अंग धुतलं आणि झाकण बाजूला केलं. पाण्यावर गवताचं एक पातं तरंगत होतं, त्यांच्या केसातून पडलेलं. मी ते काढलं नाही. पाणी गरम होतं. मी त्यात मानेपर्यंत बसले आणि आजीसाठी, आईसाठी आणि थोडं त्या बाटली आणणाऱ्या बाईंसाठी पोटभर रडले. बाहेरून यांनी दार वाजवलं. "आटप की. आमचे नंबर लागून राहिले इथं."

सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर बघितलं तर मागच्या दाराशी चार बादल्या मांडून ठेवलेल्या होत्या. दोन कुठूनतरी मागून आणल्या असाव्यात. वडील कोट घालून वाफ्यापाशी उभे होते. मुळ्याला कालचंच पाणी जास्त झालं होतं, पण मी बादली उचलली.

ती सगळी माणसं उन्हाळ्याच्या आत लातूरला येणार आहेत. टबाचं काय करायचं, या विचारात हे सध्या प्लंबरकडं खेटे घालतायत.

संगीताताईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण बापानं हो नेमकं कधी म्हटलं, ते त्यांना कळेना. म्हटलं, हो तो म्हणालाच नाही. तो माझ्या आधी आंघोळीला गेला.